चाकावरच्या दुकानाला गावातही ओळख हवी

चाळीस घरांच्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, भरल्या मालाचे किराणा दुकान चालत नाही. तेल, साखर, चहापत्ती, साबण आणि बिस्किटांचे पुडे भरले की दुकानदाराचे भांडवल अडकते; माल लवकर हलत नाही आणि नवा आणायला हातात पैसा उरत नाही. पण अशी दहा पोडे, तांडे आणि खेडी एका फेरीत जोडली, की चारशे घरांचे गिऱ्हाईक तयार होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या फिरत्या दुकानाचे गणित या साध्या हिशेबावर उभे आहे.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ 13,582 चौरस किलोमीटर. 2011च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 27 लाख 72 हजार आणि त्यातली तीन चतुर्थांशांहून अधिक माणसे खेड्यांत राहणारी. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत कोलामांची पोडे विखुरली आहेत, तर पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव भागात बंजारा तांडे. आठवडी बाजार हा इथल्या खरेदीचा कणा. पण त्या बाजाराला जायचे म्हणजे गाडीभाडे जाते आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरीचा खाडाही होतो. म्हातारी माणसे, बाळंतीण आणि अपंग यांना तर तेवढाही पर्याय नसतो.

फिरता व्यापार या मातीला नवा नाही. बंजारा समाजाने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर व्यापार केला. ‘लमाण’ या शब्दाचा संबंध ‘लवण’ म्हणजे मिठाशी जोडला जातो, तो यामुळेच. रेल्वे आली आणि हा व्यापार मोडला. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर तो कायदा गेला, पण गावात आलेल्या परक्या विक्रेत्याकडे संशयाने पाहण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही.

आता बैलांच्या जागी ‘छोटा हत्ती’ आहे. टाटा कंपनीने 2005 साली बाजारात आणलेल्या या चारचाकीने आणि तिच्या जोडीच्या तीनचाकी मालगाड्यांनी किरकोळ विक्रेत्याला चालते दुकान दिले. गाडी कडुलिंबाखाली थांबते. भोंग्यावरची हाळी बंद होते, मागचा फाळका खाली पडतो आणि तोच गल्ला होतो. वर शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा, खाली कांदे-बटाटे, कोपऱ्यात वजनकाटा, काचेवर क्यूआर कोड. “दादा, मागच्या वारी सांगितलेली चाळणी आणली का?” “आणली नं, काकू. सांभारही ताजा आहे, देऊ का?” मोबाइलला रेंज नसली, तर नोंद वहीत होते आणि हिशेब पुढच्या वारी मिटतो.

या धंद्याचा जीव त्या ‘वारा’त आहे. गाडी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी आली तरच लोक तिच्यासाठी पैसे राखून ठेवतात. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर मागणी गोळा केली, की नको तो माल वाहून डिझेल वाया जात नाही. परतताना गावातली अंडी, डाळ, बचत गटांचे पापड-मसाले घेतले, तर रिकामी फेरीही कमाईची होते.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात गॉटलिब डुटवायलर यांनी ऑगस्ट 1925 मध्ये पाच ट्रकवर असाच धंदा सुरू केला. माल अवघा सहा प्रकारचा, त्यात कॉफी, तांदूळ, साखर आणि साबण होते. स्थानिक व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला, तरी त्या पाच ट्रकमधून उभी राहिलेली ‘मिग्रो’ आज त्या देशातली सर्वांत मोठी किरकोळ विक्री संस्था आहे. मोजका माल आणि ठरलेला मार्ग, या दोन गोष्टी आपल्याकडच्या गाडीवाल्यालाही घेता येतील.

अडचण आहे ती कायद्यातल्या फटीची. 2014च्या पथविक्रेता कायद्याने फिरत्या विक्रीला मान्यता दिली, विक्री प्रमाणपत्र दिले, शहर फेरीवाला समितीत विक्रेत्यांना किमान 40 टक्के जागा दिल्या. पण हे सारे महापालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतीच्या हद्दीत. पथविक्रेत्यांना कर्ज देण्यासाठी 2020 साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेचा रोखही शहरांकडेच. म्हणजे यवतमाळ शहरात हातगाडी लावणाऱ्याला जी ओळख मिळू शकते, ती पोडापर्यंत तेल-मीठ पोहोचवणाऱ्याला नाही.

फिरत्या दुकानाचे मोल सरकारला ठाऊक नाही, असे मुळीच नाही. राज्य सरकारने 2019 साली दिव्यांगांसाठी पर्यावरणस्नेही ई-वाहनावरचे फिरते दुकान मोफत देण्याची योजना आणली. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ती आहे. गाडी हे रोजगाराचे साधन आहे हे एकदा मान्य केल्यावर, गाडी घेऊन गावोगाव फिरणाऱ्याला कागदावर जागा न देणे न्यायाचे नाही.

गावातल्या दुकानदाराचे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गाडी अडवण्यात नाही, त्यालाच गाडीपर्यंत पोहोचवण्यात आहे. मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचे ‘शिशु’ आणि 5 लाखांपर्यंतचे ‘किशोर’ कर्ज आहे. आसपासच्या चार वस्त्या त्याच्या ओळखीच्या आहेत, उधारी कोण फेडतो हेही त्याला ठाऊक आहे. बाहेरच्या विक्रेत्यापेक्षा त्याची सुरुवात सोपी आहे.

ओळखीची गरज गिऱ्हाइकालाही तेवढीच आहे. मुदत संपलेला पुडा किंवा भेसळीचे सुटे तेल विकून गाडी निघून गेली, तर तक्रार कोणाकडे करायची? म्हणून यवतमाळ जिल्हा परिषदेने पुढाकार घ्यावा. सर्व ग्रामपंचायतींत चालेल असे एकच नोंदणीपत्र द्यावे. गाडीवर मालकाचे नाव, फोन क्रमांक आणि नोंदणी क्रमांक ठळक लिहिणे बंधनकारक करावे. वजनकाट्याची पडताळणी आणि खाद्यपदार्थ विक्रीची नोंदणी तालुक्याच्या ठिकाणी, एकाच दिवशी, शिबिरात करून द्यावी. ग्रामसभांनी गाडी थांबायची जागा आणि वार ठरवावा. दसऱ्याच्या सुमारास वेचणी सुरू होऊन मजुराच्या हातात पैसा येतो. त्याआधी ही नोंदणी जिल्हा परिषदेने सुरू करावी.