निष्ठा आणि नाइलाज

उन्हाळा लागतांच लालबागच्या मसाला गल्लींत मिरची घेणाऱ्यांची रीघ लागते. गिरगांव-परळच्या कित्येक गृहिणी ज्या दुकानांतून त्यांच्या सासूबाई घेत असत, त्याच दुकानांतून वर्षाचा मसाला घेतात. शेजारीं दहा दुकानें उघडीं असतांही पावलें तेथेंच वळतात, म्हणून तिला निष्ठा म्हणावयाचें. परंतु गल्लींत एकच दुकान उरलें, तर त्या येण्यास निष्ठा म्हणावें कीं नाइलाज?

हाच प्रश्न आज ॲपच्या बाजारास विचारावयास हवा. ॲपल व गूगल या दोघांनींही २००८ सालीं आपापलीं ॲप-भांडारें उघडलीं. आज आपल्या देशांतील दहांपैकीं नऊंहून अधिक स्मार्टफोन गूगलच्या अँड्रॉइडवर चालतात. ॲप मिळविण्याच्या दुसऱ्या वाटा आहेत खऱ्या. पण सामान्य गिऱ्हाईक ‘गूगल प्ले’चा उंबरठा सोडून जात नाहीं.

कडक नियम मुळांतच वाईट, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळांत गूगलनें कर्ज देणारीं दोन हजारांहून अधिक ॲप्स काढून टाकलीं. गरजूंस फसविणाऱ्यांवर असा पहारा हवाच. पहारेकरी जागा असला, तर गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो.

परंतु १ मार्च २०२४ रोजीं निराळेंच घडलें. सेवाशुल्काच्या वादावरून मुंबईच्या ‘शादी डॉट कॉम’सह अनेक भारतीय ॲप्स भांडारांतून काढण्यांत आलीं, त्यांत आमच्या समाजांतील वधूवर शोधणारें ‘ख्रिश्चन मॅट्रिमनी’ही होतें. गूगलची बाजूही ऐकली पाहिजे. दोन लाखांहून अधिक भारतीय विकासक नियम पाळीत असतां केवळ दहा कंपन्या शुल्क देत नाहींत, असें तिचें म्हणणें होतें. शेवटीं केंद्र सरकारनें मध्यस्थी केली व कांहीं दिवसांत ॲप्स परत आलीं.

ॲप्स परतलीं, विश्वास तसा परततो काय? दादरला मुलीसाठीं स्थळ शोधणाऱ्या आईस शुल्काचा तंटा ठाऊक नसतो. नेहमींचें दुकान जागेवर दिसेना, कीं ती दुकानदारावरच संशय घेते. दुकानदार पुन्हां गाळ्यांत बसतो, पण त्याचें लक्ष आतां दाराकडे असतें. शुल्काचा भार तो गिऱ्हाइकावर टाकतो किंवा दुसरी वाट शोधूं लागतो.

अधिक बोंचतो तो दुजाभाव. भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. इतरांवर लादलेली पैसे घेण्याची पद्धत स्वतःच्या यूट्यूबला लागू नाहीं, हा त्यांतील एक ठपका होता. अपिलांत, मार्च २०२५ मध्यें, दंड २१६.६९ कोटींवर आला. परंतु दंडाच्या रकमेनें प्रश्नाचें महत्त्व घटत नाहीं. एका थैलींत घेण्याचें एक व देण्याचें एक अशीं दोन वजनें बाळगूं नयेत, हा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक याच पापावर बोट ठेवतो.

वर्गांत आम्ही नेहमीं पाहतों कीं, मुलें कडक शिक्षकाचा द्वेष करीत नाहींत. करतात ती पक्षपाती शिक्षकाचा. नियम आधीं सांगितलेला असावा, तो सर्वांस सारखा असावा, आणि शिक्षा करण्यापूर्वीं मुलाचें म्हणणें ऐकावें, एवढेंच तीं मागतात. बाजाराचे मालक व त्यांवर देखरेख करणारें सरकार यांच्यापाशीं आमचें मागणें याहून निराळें नाहीं. फक्त त्यांत एक भर घालावी: निवाडा मालकानें न करितां त्रयस्थानें करावा, आणि बाहेर जाण्याचें दार उघडें ठेवावें. उघड्या दारांतून जो परत येतो, त्याचीच निष्ठा खरी.