कार्ड घ्या, नाणेही घ्या

रेल्वे स्थानकात, रुग्णालयात, महाविद्यालयात पाण्याची बाटली किंवा बिस्किटाचा पुडा देणाऱ्या व्हेंडिंग मशीनवर कार्ड रीडर आणि क्यूआर कोड दिसू लागले आहेत. सुट्ट्या पैशांची कटकट मिटते, म्हणून त्याचे स्वागतच. पण पैसे गेले आणि वस्तू अडकली तर? तारेचे वेटोळे फिरते, पुडा काचेमागे लटकत राहतो आणि मोबाइलवर मात्र व्यवहार यशस्वी झाल्याचा संदेश येतो. फसलेल्या व्यवहाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत परत न केल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बजावले आहे. इथे मात्र बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झालेला असतो. ग्राहकाने दाद मागायची कुठे?

उपाय अवघड नाही. वस्तू खाली पडली की नाही हे टिपणारा इन्फ्रारेड सेन्सर बसवता येतो. ती पडली नाही, तर रक्कम न कापण्याची सूचना मशीन रीडरला देऊ शकते. जागा भाड्याने देतानाच ही अट करारात हवी. तक्रारीचा क्रमांकही ठळक मराठीत हवा.

आणि नाण्याची खाच बुजवू नका. शाळेतल्या सॅनिटरी नॅपकिनच्या मशीनसमोर उभ्या असलेल्या मुलीकडे ना कार्ड असते ना मोबाइल. रेल्वे आणि महापालिकांनी नव्या निविदा काढताना तिचा विचार आधी करावा.