हरलेल्या मताचे दप्तर

२०२१ सालच्या डिसेंबर महिन्यात नाशिककरांच्या वाचनात दोन वार्ता अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने आल्या. ३ ते ५ डिसेंबर या दिवसांत आडगावच्या परिसरात मराठी साहित्य संमेलनाचे ९४ वे अधिवेशन भरले आणि त्याचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर या विश्वरचनाशास्त्रज्ञाकडे होते, जरी प्रकृतीच्या कारणाने त्यांना स्वतः उपस्थित राहता आले नाही. आणि १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली. एक वार्ता अनंत आकाशाची, दुसरी मुक्या जनावराची. परंतु या दोहोंच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो, तो असा की वादात जे मत हरते त्याचे विद्वानांच्या दरबारी पुढे काय होते?

नारळीकरांचे उदाहरण या दृष्टीने फार मोलाचे आहे. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावत असता नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि म्हणून त्याची घनता कायम राहते, असा स्थिर विश्वाचा सिद्धान्त बाँडी, गोल्ड व हॉयल यांनी १९४८ साली मांडला होता. त्याच विचारसरणीत वाढलेल्या नारळीकरांनी १९६४ साली हॉयल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला, आणि दुसऱ्याच वर्षी पेन्झियास व विल्सन यांनी सर्व दिशांनी सारखेपणाने येणाऱ्या सूक्ष्मतरंगी प्रारणाचा शोध जाहीर केल्यामुळे पारडे विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला असे मानणाऱ्या सिद्धान्ताच्या बाजूस झुकले. पुराव्याकडे पाठ फिरवावी हा नारळीकरांचा स्वभाव नव्हता. त्या प्रारणाचा वेगळा उलगडा करू पाहणारा अर्धस्थिर विश्वाचा सिद्धान्त त्यांनी हॉयल व बर्बिज यांच्या समवेत १९९३ साली मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तो पटला नाही, तरी तो गणितासह, निरीक्षणांनी पारखता येईल अशा स्वरूपात रुजू झालेला आहे. शिवाय १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्या आयुका संस्थेची धुरा त्यांनी प्रथम वाहिली, तेथे महास्फोट मानणाऱ्या संशोधकांसही मुक्तद्वार होते. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. आपले मत अल्पमतात आहे हे जाणून ते निष्ठेने आणि निर्वैरपणे कसे सांभाळावे, याचा वस्तुपाठ त्यांनी मागे ठेवला.

न्यायशास्त्रात हरलेल्या मताची काळजी अधिक पद्धतशीरपणे घेतली जाते. पंचवटीतील देवस्थानाच्या देवाला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तित्व आहे, त्याच्या नावे सातबारा निघतो आणि त्याच्या वतीने दावा दाखल करता येतो; त्याच जमिनीत नांगर ओढणारा बैल मात्र कायद्यास मालकाची मिळकत म्हणूनच ठाऊक आहे. ७ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील ‘जीवित’ या शब्दाचा अर्थ पशुजीवनापर्यंत विस्तारून जल्लीकट्टू हा तमिळनाडूतील बैलांचा खेळ व बैलगाडा शर्यती निषिद्ध ठरवल्या. पुढे राज्यांनी आपापले दुरुस्ती कायदे केले, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते कायदे वैध ठरवताना प्राण्यांना मूलभूत हक्क बहाल करणारा पूर्वाधार या देशात नाही, असे नमूद केले. फैसला बैलाच्या विरुद्ध गेला असे मला वाटते आणि त्याचे मला दुःख आहे. परंतु २०१४ च्या निकालाचे शब्द कोणी जाळले नाहीत. ते दप्तरी दाखल आहेत, आणि उद्याचा एखादा अभ्यासक त्यांतून नवा युक्तिवाद उभा करू शकेल.

भाषेच्या प्रांतात याच्या उलट काय घडते, हे तुर्कस्तानच्या इतिहासात पाहावे. १९२८ साली तेथे अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली, १९३२ साली भाषासंस्था स्थापन झाली आणि अरबी-फारशी शब्दांची हकालपट्टी सरकारी आश्रयाने सुरू झाली. इतकेच नव्हे, तर आदिमानवाने सूर्याकडे पाहून काढलेल्या उद्गारातून तुर्की आणि तुर्कीतून जगातील साऱ्या भाषा उपजल्या, असा ‘सूर्य-भाषा सिद्धान्त’ १९३६ च्या भाषापरिषदेत मिरवला गेला. १९३८ साली या सुधारणांचे प्रणेते राष्ट्राध्यक्ष अतातुर्क निवर्तले आणि हा सिद्धान्त खंडनाचे श्रमही कोणास न देता लोप पावला. सत्तेच्या बळावर जे मत उभे राहते ते वादात हरत नाही, नुसते नाहीसे होते. शुद्धीकरणाचे परिणाम मात्र उरले: अतातुर्क यांचे १९२७ सालचे प्रसिद्ध भाषण पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून आधुनिक तुर्कीत उतरवावे लागले.

आपल्याकडेही शुद्धीची चळवळ झाली. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत तिचा पुरस्कार केला. १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन, ज्यांच्या आरंभीच्या कवितेत फारशी शब्दांची रेलचेल होती, तेही पुढे तिचे कैवारी झाले. परंतु येथे हुकूम सुटला नाही, वाद झाला, आणि निर्णय बोलणाऱ्यांनी दिला. म्हणून आज महानगरपालिकेच्या पत्रावर ‘दिनांक’ असतो आणि न्यायालयाच्या आवारात शेतकरी ‘तारीख पडली’ म्हणतो. तोफ, चाकू, कैची हे तुर्की मुळाचे शब्द आणि तोपची, मशालची यांतील ‘ची’ हा तुर्की प्रत्यय आपल्या बोलण्यात सुखाने नांदत आहे. दोन्ही पक्ष भाषेत हयात राहिले, म्हणूनच नातवाला आजोबांचे पत्र वाचता येते.

यावरून माझी आपल्या विद्यापीठांस व विद्वानांस एकच विनंती आहे. मराठीत लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रबंधात, मग तो ताऱ्यांविषयी असो, जनावरांच्या हक्कांविषयी असो वा शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी, विरुद्ध पक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात आणि त्याच्याच पुराव्यांसह मांडलेला असावा, आणि खंडन झाले तरी तो मजकूर गाळला जाऊ नये. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जेव्हा एखादा विद्यार्थी जुना ग्रंथ मागतो, तेव्हा जिंकलेल्या मताच्या शेजारी हरलेले मतही त्याच्या हाती पडावे. कारण पुढचा प्रश्न त्याला कोणत्या पानावर सापडेल, हे त्याच्या आधी कोणालाच सांगता येणार नाही.

— गोदातटवासी