बीएडला जाताय? फॉर्म भरण्याआधी एवढं करा

खांदा कॉलनीतल्या लेकीसुनांना बीएडसाठी मुंबईची लोकल पकडावी लागत नाही. पिल्लई संस्थेचं शिक्षणशास्त्र महाविद्यालय इथेच आहे. मोठी सोय आहे. पण कॉलेज जवळचं असो की लांबचं, आधी थोडी चौकशी करा.

पहिलं म्हणजे, कोणत्या वर्गाला शिकवायचंय ते ठरवा. पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, डीएलएड लागतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये तसा निकाल दिला आहे. सहावी ते आठवीसाठी बीएडसोबत टीईटीचा दुसरा पेपर लागतो. 150 पैकी 90 गुण, राखीव प्रवर्गांना थोडी सवलत.

मग कॉलेजात जा. निकाल किती टक्के, हे विचारू नका. तो दाराशीच लावलेला असतो. सरावपाठ पूर्ण तास बसून कोण पाहतं, ते विचारा. वहीत नुसतं 'छान' लिहितात की चूक दाखवतात? शिकून बाहेर पडणाऱ्याला काय काय यायला हवं, याची यादी नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजं वेबसाइटवर टाकतात. ती वाचा. यातलं एकेक तुम्ही तपासता कसं, तेही विचारा. संकोच कसला? फी तुम्ही भरणार आहात.

2015-16 पासून बीएड दोन वर्षांचं झालं. त्यात वीस आठवडे शाळेत जातात. खरा कस तिथे लागतो. टाचण सुबक, तक्ते रंगीत, गुणही मिळाले. पण पोरांना कळलं का?

सहावीला अपूर्णांक शिकवलात की विचारा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? बरेच हात चतुर्थांशासाठी वर जातील. तीनापेक्षा चार मोठा ना! रागावू नका. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्या. घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग करा, दुसरीचे चार. एकेक भाग शेजारी ठेवून दाखवा. मग पुन्हा विचारा. आधी किती चुकले, नंतर किती, ते टाचणवहीत तारखेसह लिहा. पुढचा पाठ त्या नोंदीवरून आखा. नोकरीच्या मुलाखतीतही ही वही दाखवता येईल.

घरच्यांनो, त्या वीस आठवड्यांत सकाळचा डबा तुम्ही भरा. रात्री टाचण काढून पहाटे स्वयंपाक करणारी बाई वर्गात काय डोंबल शिकवणार!

आणि प्रवेशाची पसंती भरण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना गाठा. माहितीपत्रकात नसलेलं त्या सांगतील.