घेतला नाही म्हणजे आला नाही?

कोर्टाचा कागद दारात आला की आपल्या घरांतून दोनच गोष्टी होतात. एक तर सगळे घाबरतात, नाहीतर "आपला काय संबंध?" असे म्हणून कागद कपाटात ठेवला जातो. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते; ज्याने कधी कुणाकडून कर्ज घेतले नाही, त्यालाही.

समजा, एका दुकानदाराने सुताराकडून 40,000 रुपयांचे काम करून घेतले आणि पैसे द्यायचे राहिले. सुताराची लाकडाच्या वखारीत उधारी होती. वखारवाला कोर्टात गेला आणि त्याने सुताराविरुद्ध हुकूमनामा मिळवला. आता तो कोर्टाला सांगतो की सुताराचे पैसे या दुकानदाराकडे अडकले आहेत. मग ते येणे जप्त करून कोर्ट दुकानदाराला नोटीस काढू शकते. कायद्यात अशा दुकानदाराला 'गार्निशी' म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मध्ये आदेश 21, नियम 46-अ पासून पुढे ही तरतूद आहे.

नोटिशीत दोन पर्याय असतात. पैसे कोर्टात भरा, किंवा हजर राहून का भरू नयेत ते सांगा. दोन्ही केले नाही, तर कोर्ट दुकानदारालाच पैसे भरण्याचा हुकूम देऊ शकते, आणि त्या हुकमाची वसुली हुकूमनाम्यासारखी खुद्द त्याच्याकडून होऊ शकते. येणे जप्त झाल्याचा आदेश हाती पडल्यावरही त्याने ओळखीपोटी सुताराला पैसे देऊन टाकले, तर तेच पैसे पुन्हा भरण्याची पाळी येते.

हजर राहिले तर मात्र मार्ग मोकळे आहेत. पैसे आधीच दिले असतील तर पावती दाखवावी. काम खराब झाले, रकमेबद्दल वाद आहे, तर तसे सांगावे. कोर्ट तो मुद्दा दाव्यासारखा चालवू शकते. खरोखर देणे असेल तर कोर्टात भरावे. तेवढ्या रकमेपुरता दुकानदार सुताराच्या देण्यातून मोकळा होतो.

आता नोटीस बजावण्याचे पाहू. घरचा माणूस बाहेर असेल आणि लवकर भेटण्यासारखा नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील कोणत्याही सज्ञान व्यक्तीला, पुरुष असो वा बाई, कागद देता येतो. घरातल्या नोकराला देऊन चालत नाही. कागद नाकारला, तर बेलिफ तो दारावर चिकटवून तसा अहवाल कोर्टाला देतो. म्हणून घेतला नाही म्हणजे आला नाही, हा समज सोडून द्यावा.

पण योग्य नोटीस मिळणे हा आपला हकही आहे. जुन्या पत्त्यावर समन्स गेले आणि आपल्या माघारी एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत 30 दिवसांची आहे. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून हे दिवस मोजतात. मात्र तारीख ठाऊक होती आणि हजर राहायला पुरेसा वेळही होता, तर बजावणीतल्या किरकोळ चुकीचा आधार मिळत नाही. गार्निशीवर झालेल्या हुकमाविरुद्ध अपील करता येते.

आम्ही शिक्षक माणसे, वकील नव्हे. पण एवढे प्रत्येक घराने करावे. कागद कुणी घेतला आणि कोणत्या तारखेला, हे पाकिटावर लगेच लिहावे. कोर्टाचा शिक्का, प्रकरणाचा नंबर आणि पुढची तारीख पाहावी. वकिलाची नोटीस किंवा वसुली एजंटची चिठ्ठी म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. पण तीही वाचून जपून ठेवावी. समजले नाही तर तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

दुपारी दार उघडते ती बहुधा अम्मी, सून किंवा कॉलेजातून आलेली मुलगी. सही करण्याआधी कागद वाचायला आणि संध्याकाळी तो सर्वांसमोर ठेवायला त्यांना शिकवावे. "बायकांना त्यातले काय कळते?" असे म्हणणाऱ्या घरातच तारीख निघून जाते.