अमेरिका पाहिली, वाचली कोणी?

अमेरिकेविषयी मराठीत झालेले बहुतेक लेखन पाहुण्याचे आहे. पाहुणा यजमानाच्या घराचे मजले मोजतो आणि परत येऊन शेजाऱ्यांना दिपवतो. नाहीतर जेवण अळणी होते म्हणून नाक मुरडतो. या दोन्ही तऱ्हांचा मला मनस्वी वीट आला आहे. सणाच्या दिवशी तोंड गोड ठेवावे हे खरे, पण हे बोलल्यावाचून राहवत नाही.

मावळातल्या परंदवडीत राहणाऱ्या आणि अमेरिका न पाहिलेल्या माणसाला हे बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. जोतीराव फुल्यांनी तरी ती कुठे पाहिली होती? तरीही १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या लोकांना! तिकडची मुक्ती वाचून त्यांना आठवले ते इकडचे शूद्रातिशूद्र.

पंडिता रमाबाई १८८६ साली तिकडे गेल्या आणि १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ छापले. राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांची स्थिती, सारे त्यात आहे. लोकसत्तेचे कौतुक आहे. पण मूळ रहिवाशांवरील अन्याय आणि काळ्यांविषयीचा द्वेष बाईंनी झाकून ठेवला नाही. तिथल्या स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला तो पुढे १९२० साली. १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला ‘दलित पँथर’ नाव दिले, तेही ‘ब्लॅक पँथर’वरून. याला म्हणतात वाचणे!

आता म्हणे वाचायची गरजच उरली नाही; फोनवर सगळे दिसते. दिसते ना! परंदवडीत बसून न्यू जर्सीतले आकाशकंदील दिसतात, बर्फ दिसते, नवी मोटार दिसते. पण स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्या त्या देशात १८६५ पर्यंत माणसे कायद्याने विकली जात, हे त्या पडद्यावर दिसत नाही. आपली नातवंडे तिथे लहानाची मोठी होत आहेत. उद्या कोणी त्यांच्या कातडीच्या रंगावर बोट ठेवले, तर आजी-आजोबांनी त्यांना सांगायचे काय? मोटारीची किंमत? आणि तिकडच्या वर्णद्वेषावर हळहळताना आपल्या गावातली जात आठवत नसेल, तर ती हळहळही फुकटचीच.

वाचकहो, यंदा फराळाच्या डब्याबरोबर रमाबाईंचे पुस्तक धाडा. त्याआधी स्वतः वाचा. आणि फोनवर पगार विचारून झाला, की नातवाला एवढे विचारा: “बाळा, तुमच्या शाळेत गुलामगिरीचा इतिहास कसा शिकवतात रे?”