परसदारी : सावलीतील पेव

परसातील आंब्याखाली, न्हाणीच्या पाण्याने नेहमी ओल असलेल्या जागी गुलाब टिकत नाही. तेथे काय लावावे, अशी पृच्छा एका वाचक भगिनींनी केली आहे. गुलाबाचा हट्ट सोडून तेथे पेव लावावे, असे आम्ही सुचवितो. पावसाळ्यात कोकणात व सह्याद्रीच्या रानांत वाटेच्या कडेस पुरुषभर उंचीचे, पांढऱ्या फुलांचे जे बेट दिसते, तेच हे. (अफवांचे जे पेव फुटते, ते धान्य साठविण्याचे जमिनीतील पेव, त्याचा ह्या वनस्पतीशी संबंध नाही.)

पेव हे आल्याहळदीच्या दूरच्या भाऊबंदांतले. तथापि त्याची पाने हळदीप्रमाणे दोन रांगांत न येता चक्री जिन्याच्या पायऱ्यांसारखी खोडाभोवती एकामागून एक चढत जातात. श्रावण-भाद्रपदात शेंड्यावर तांबड्या खवल्यांचे कणीस धरते व त्यांतून रोज एखाददुसरे फूल बाहेर पडते. फूल शुभ्र, चुरगळलेल्या तलम कागदासारखे, आणि एका दिवसाचेच पाहुणे. जिला आपण त्याची मोठी पाकळी समजतो ती वस्तुतः पाकळी नव्हेच. पाच वांझ पुंकेसर एकत्र जुळून ती झालेली असते! कणसावर मुंग्या दिसतात. त्यांस कीड समजून कोणी रॉकेल शिंपडू नये. खवल्यांवर पाझरणाऱ्या मधासाठी त्या येतात. झाडास त्यांचा उपद्रव नाही.

लावणी मृगाच्या आधी आठपंधरा दिवस करावी. दोनतीन डोळ्यांचा गड्डा तीन बोटे खोल पुरावा व दोन गड्ड्यांत दीड हात अंतर ठेवावे. पुण्याकडील चिकण काळ्या मातीत कुजलेला पाचोळा सढळ हाताने व थोडी वाळू मिसळावी. सकाळचे कोवळे ऊन मानवते. दुपारचे ऊन पाने करपविते. गड्डे रानातून खणून आणण्याची मात्र गरज नाही. कोणा शेजाऱ्याकडे बेट असेल तर एक तुकडा मागावा, किंवा खोडाचे वीतभर तुकडे ओल्या वाळूत आडवे निजवावे. पेऱ्यांपासून कोंब येतात.

इतके सर्व यथासांग करूनही पुष्कळ घरांतून पेव नाहीसे होते, ते त्याच्या उन्हाळी झोपेमुळे. थंडी सरता सरता पाने पिवळी पडतात, खोडे वाळतात आणि पुढे पाऊस पडेपर्यंत त्या जागी काही होते, ह्याची खूणही राहत नाही.

आमच्या घरचे पेव आत्याबाईंनी रत्नागिरीकडील माहेराहून पदरात बांधून आणलेले. ते घर पुढे विकले गेले, तेव्हा माहेरचे म्हणून त्यांच्यापाशी एवढेच उरले होते. एके वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी परस साफ करण्याचा उत्साह आम्हांस आला, व ती वाळकी काटकी, गड्ड्यांसकट, आम्ही स्वहस्ते खणून उकिरड्यावर टाकली. आत्याबाईंनी ते पाहिले. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या दिवशी कैरीची डाळ मात्र त्यांनी खाल्ली नाही. मृगाच्या दोन सरी झाल्यावर एके सकाळी त्यांनी आम्हांस हाक मारून उकिरड्यापाशी नेले. पाचोळ्यातून सात हिरवे कोंब वर आले होते. ते पुन्हा आंब्याखाली लावताना माती आम्ही उकरली, पण गड्डे त्यांनी आमच्या हाती दिले नाहीत.

म्हणून सदर भगिनींस एवढेच सांगणे की, माघ लागताच न्हाणीच्या पाण्याची पन्हळ दुसरीकडे वळवावी. झोपेत असता गड्ड्यास पाणी नको असते, ते मिळाल्यास तो कुजतो. वाळलेली खोडे जमिनीलगत कापून त्यांवर पाचोळ्याचा जाड थर द्यावा, म्हणजे वैशाखाचा ताप खाली पोचत नाही. आणि जागेच्या चारी कोपऱ्यांस खुंट्या ठोकाव्या. आमच्या परसात त्या आत्याबाईंनी स्वतः ठोकल्या आहेत. सुतळीही बांधली आहे.